फळीवरचा चमचा

पट्टा तुटला तेव्हा त्याचा दोन हात लांबीचा तुकडा सिदोनी रुव्हिएरच्या मुठीत राहिला आणि खिडकीचं शटर धाडदिशी खाली येऊन बसलं. सोमवारची सकाळ, साडेसात, आणि खोलीत मिट्ट काळोख. लिओं शहरातल्या त्या चौथ्या मजल्यावर एकोणचाळीस वर्षं ती रोज सकाळी तो पट्टा ओढत आली होती, रोज तिन्हीसांजेला सोडत आली होती. एखादी वस्तू इतकी वर्षं इमानाने चालली की तुटल्याबद्दल तिच्यावर रागवायचं नसतं, एवढी समज ऐंशीव्या वर्षी तिला होती. दुरुस्तीवाल्याला फोन करायचा, तो गुरुवारी येतो म्हणणार आणि पुढच्या मंगळवारी उगवणार. इतकी साधी गोष्ट. पण ती जागची हलली नाही. दोन्ही मुठी एकीखाली एक पट्ट्यावर आवळलेल्या, गुडघे किंचित वाकलेले, मान तिरकी. कान कशाची तरी वाट बघत होते. कशाची, ते कानांना आधी कळलं, तिला मागून. त्या धाडकन् आवाजानंतर जी शांतता आली होती ती तिच्या ओळखीची होती. लिओंमधली शांतता म्हणजे खालून बस जात नाहीये, एवढंच. ही पेरगालची होती, तिच्या डोंगरातल्या गावची. दोर सोडल्यावर घंटा आणखी दोनदा अडखळत वाजते, मग वरचं लाकूड एकदा नुसतं कुरकुरतं, आणि त्यानंतर जे येतं, ते.

तिने दिवा लावला. टेबलावर पेरगालच्या सरपंचबाईंचं पत्र पंधरा दिवस पडलं होतं. त्यावर कॉफीच्या कपाचं एक वर्तुळ उमटलं होतं आणि ते वर्तुळच जणू तिचं उत्तर होतं. पत्रात लिहिलं होतं की वस्तीतल्या पावाच्या भट्टीवरचा घंटेचा मनोरा आता डागडुजी करून उभा केला आहे, दरीचा वारसा म्हणून त्याची नोंद झाली आहे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी समारंभ आहे, आणि वादळात ती घंटा स्वतःच्या हातांनी वाजवलेली माणसं आता जगात दोनच उरली आहेत. त्यातला एक, एलीझे पाजेस, खुर्चीवरून उठायला तयार नाही. तेव्हा पहिला टोल आपण द्यावा. भिंतीवर संगमरवरी पाटी लावणार आहोत, तिचा मजकूर असा: ‘बाहेर कुणी असेपर्यंत ही घंटा कधीही थांबली नाही.’ काही सुचवायचं असल्यास कळवावं.

सुचवायचं होतं. घंटा एकदा थांबली होती. ती तिनेच थांबवली होती, बाहेर कोण आहे हे ठाऊक असताना. आणि हे जगात आपल्याला एकटीलाच माहीत आहे, असं ती साठ वर्षं समजून होती.

पेरगाल हे लोझेर डोंगराच्या पाठीवरचं अकरा घरांचं गाव, ऑर्झ नदीच्या दरीत सगळ्यात वर, जिथे बीचची झाडंसुद्धा कंटाळून उगवायची थांबतात. खालच्या गावातले म्हणत की पेरगालची माणसं थापा मारतात. तसं नाही. पेरगालची माणसं खरंच बोलतात, फक्त सगळं एकदम बोलतात. तिथला वारा असा की पुरुषांनी बाजाराला जाताना डावाच गाल तासायचा, उजवा वाटेत वारा तासून देई. तिथल्या मेंढ्यांच्या सावल्या हिवाळ्यात उडून खालच्या कुरणात पडत आणि वसंतात जाऊन त्या हाकून आणाव्या लागत. सिदोनीच्या आजोबांनी हे शपथेवर सांगितलं होतं, हातात वाइनचा पेला घेऊन, म्हणजे तिकडच्या हिशेबाने दुहेरी शपथ. पण एका गोष्टीवर पेरगालमध्ये कुणी विनोद करत नसे. पठारावर जेव्हा बर्फ खालून वर, डावीकडून उजवीकडे, सगळीकडून एकदम येऊ लागे आणि माणसाला स्वतःचा पुढे केलेला हात दिसेनासा होई, त्या वादळाला तिकडे नुसतं ‘छळ’ म्हणत. छळ सुटला की जो कुणी जवळ असेल त्याने धावत जाऊन भट्टीवरच्या घंटेचा दोर धरायचा. वस्तीला चर्च नव्हतं, पाद्री नव्हता. घंटा होती, ती पावाच्या सामाईक भट्टीच्या छपरावर, कारण तेवढी एकच इमारत सगळ्यांची होती. अन् भट्टीच्या तोंडाशेजारी एक दगडी फळी होती. थंडीत जो कोणी पठारावर जाईल त्याने आपला लाकडी चमचा त्या फळीवर ठेवून जायचं, परत आला की उचलायचा. पेरगालमध्ये प्रत्येकाचा चमचा स्वतःचा असे, दांड्यावर स्वतःची खूण असे. दुसऱ्याच्या चमच्याने सूप पिणं म्हणजे दुसऱ्याच्या बिछान्यात निजणं. फळीवर एक चमचा जरी असेल तोवर दोर थांबायचा नाही. पाळी बदलायची तीसुद्धा अशी की येणाऱ्याने आपल्या मुठी जाणाऱ्याच्या मुठींच्या वर धरायच्या, दोघांनी मिळून तीन टोल द्यायचे, मगच आधीच्याने हात काढायचे. लहानपणी तिला वाटे की जगातल्या सगळ्या घंटा अशाच वाजतात, माणसं मोजून.

आणि तसला एक चमचा तर इथेच होता. स्वयंपाकघरातल्या खणात, रोजच्या सुऱ्यांच्या मागे, फडक्यात. कडक पिवळसर लाकडाचा, दांड्यावर एकाखाली एक तीन आडव्या खाचा, जसे भिंतीतले तीन थर. तिचा नवरा मार्सो ट्राम दुरुस्त करायचा आणि जगातली कुठलीही वस्तू वापराविना पडलेली त्याला बघवत नसे. एकदा त्याने त्या चमच्याने मध ढवळायला घेतला होता. तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला.  मार्सोने नुसतं तिच्याकडे पाहिलं आणि मध बोटाने खाल्ला. त्यानंतर बत्तीस वर्षांच्या संसारात तो खण उघडायचा झाला की तो आधी खोकायचा, जणू आत कुणी झोपलं आहे.

फोन वाजला. एलीझेच असणार, कारण सकाळी आठच्या आत तिला दुसरं कुणी फोन करत नसे, आणि एलीझे आठच्या नंतर कुणाला करत नसे. तो तिचा चुलतभाऊ, नऊ वर्षांनी मोठा, जन्मभर मेंढपाळ आणि त्याहून जास्त जन्मभर बढाईखोर.

“मेलीस की काय? नऊदा वाजला.”

“चौथ्या मजल्यावर राहते, एलीझे. इथे मरायलासुद्धा लिफ्टची वाट बघावी लागते.”

“मग येतेस की नाही? सरपंचबाई माझं डोकं खातेय. परवा म्हणाली, आजोबा, निदान हात तरी लावा दोराला, फोटोपुरता. मी म्हटलं, बाई, मी हात लावला की घंटा लाजते.”

“तू का नाही वाजवत?”

“गुडघे.”

“घंटा गुडघ्यांनी वाजवायची असते होय?”

पलीकडे तो गप्प राहिला. एलीझे गप्प राहणं ही इतकी दुर्मीळ गोष्ट होती की तिला फोन बिघडल्यासारखं वाटलं. मग तो म्हणाला, “इथे यंदा गिधाडं फार झालीत. काल एक माझ्या कुंपणावर बसून माझ्याकडे बघत होतं, हॉटेलात आपल्या पदार्थाची वाट बघतात तसं. त्याला म्हटलं, थांब रे बाबा, सिदो येऊन जाऊ दे.” आणि त्याने फोन ठेवला.

ती पुन्हा काळोख्या खोलीत येऊन बसली. शटरच्या फटींतून उजेडाच्या बारीक रेघा जमिनीवर पडल्या होत्या. गुडघे! तिच्या मनात आलं, हा माणूस गुडघ्यांविषयी खोटं बोलतोय. पण ते विचार करण्याजोगं तिला वाटलं नाही, कारण एलीझे कशाविषयी खरं बोलतो? लिओंला आल्यावर तिने सतरा वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. कानाला यंत्र, समोर भोकं भोकं असलेला फळा, एका माणसाचा आवाज उचलायचा आणि दुसऱ्याच्या कानात नेऊन खोवायचा. बाकीच्या मुली कंटाळत. ती कधी कंटाळली नाही. कुणी पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ करत राहिलं आणि इकडून उत्तर आलं नाही की तिच्या तळव्यांना घाम फुटे. नियमात तीनदा घंटी द्यायची असं होतं, ती दहादा देई. वरिष्ठबाईंनी तिला दोनदा समज दिली. “मादमुआझेल रुव्हिएर, पलीकडे कुणी नाही. सोडा.” सोडा, हाच शब्द.

झेदेओं माझेल, घंटा थांबली त्याच्या अगोदरच्या उन्हाळ्यात, पेरगालला आला तो गडगा घालायला. भट्टीपासून वर मेंढ्यांच्या वाटेच्या टोकापर्यंतचा जुना गडगा ढासळला होता आणि चुन्याचा थेंबही न वापरता दगडावर दगड बसवणारी माणसं खिंडीपलीकडच्या दरीतच उरली होती. तिकडची माणसं प्रॉटेस्टंट. त्यांची नावं बायबलाच्या जुन्या पानांतली, त्यांच्या घरांत मूर्ती नाहीत, आणि दोन दऱ्यांत तीनशे वर्षांपूर्वी धर्मावरून जे घडलं ते जणू गेल्या आठवड्यात घडलं असावं असं दोन्हीकडचे बोलत. तिचा बाप म्हणे, खिंडीपलीकडच्या माणसाला मी मेंढी देईन, मुलगी देणार नाही; मेंढी निदान परत येते. पण गडगा तर घालायला हवा होता. झेदेओं त्यांच्याच गोठ्यावरच्या गवतात झोपे, त्यांच्याच टेबलाशी जेवे. पहिल्या दिवशी त्याला चमचा नव्हता, म्हणून तो नुसता पावाने सूप टिपून उठला. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी त्याने खिशातून स्वतः कोरलेला चमचा काढला, तीन खाचांचा. बापाने सुपाचं भांडं झेदेओंच्या बाजूला दोन बोटं सरकवलं.

ती दुपारचं जेवण घेऊन वर जाई. तो दगड हातात घेऊन आधी फिरवून बघे, मग ठेवे. एकदा उचललेला दगड तो परत टाकत नसे. टाकला तर तो रुसतो, म्हणे. जागा शोधून द्यायची. एवढंच त्याचं बोलणं. पेरगालच्या एवढ्या तोंडाळ माणसांत वाढलेल्या मुलीला तो गप्प माणूस म्हणजे उन्हातून येऊन घागरीत हात घालावा तसं वाटलं. गडगा तीनशे चाळीस पावलांचा झाला. शेवटच्या दिवशी दोघं तो हाताने चाचपत, डोळे मिटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली होती. तिने विचारलं, डोळे मिटून तुला कळतं कुठवर आलो ते? तो म्हणाला, माझाच गडगा आहे. मग थोडं थांबून म्हणाला, पण दोन्ही टोकं सारखीच लागतात. ऑक्टोबरात चेस्टनट वेचायला तो आपल्या दरीत परत गेला. जाताना चमचा त्याने तिच्या हातात दिला. “ठेव. फेब्रुवारीत, मेणबत्त्यांच्या सणानंतरचा दुसरा गुरुवार. तुझ्या वडिलांशी बोलायला येईन.” तो बोलला ते वाक्य तिला नंतर इतकं पाठ झालं की एक्स्चेंजमध्ये कधी ओळ रिकामी असली तर ती तेच मनात जोडून बघे.

तो गुरुवार सकाळी इतका निर्मळ उगवला की खिंड हातावर घेण्याएवढी जवळ दिसत होती. अशा सकाळी कुणीही निघेल. दुपारी बारा वाजता छळ सुटला. पठारावर तिघं होते, फळीवर तीन चमचे. घंटा सुरू झाली. घराघरातून माणसं आळीपाळीने आली, मुठींवर मुठी चढल्या, पाळ्या बदलल्या, एक चमचा गेला, दुसरा गेला. साडेतीनच्या सुमारास दोर एलीझेकडून तिच्याकडे आला. फळीवर तिच्या बापाचा चमचा तेवढा उरला होता. एप्रनच्या खिशात तिच्या मांडीला लागून दुसरा एक होता. तो फळीवर ठेवायचा एवढंच काम होतं. लाकडाचा एक चमचा दगडाच्या एका फळीवर. पण ठेवला की कुणीतरी विचारणार, कुणाचा? ते विचारायचंच असतं. आणि मग सांगावं लागणार की तो येतोय, का येतोय, हे तुला कसं माहीत, केव्हापासून. तिला वाटलं, बाबा येऊ देत आधी. एकेक करून. तिने दोर ओढला आणि दर टोलाबरोबर ठरवलं की पुढच्या टोलानंतर ठेवू.

बाप आला. पांढरा, वाकलेला, मिशांना बर्फाच्या लोंब्या. फळीवरचा चमचा उचलून त्याने खिशात घातला, भट्टीला पाठ लावून दोन श्वास घेतले आणि म्हणाला, “चला, आले सगळे. सोड पोरी.” आणि घराकडे गेला. तिथे ती आणि एलीझे उरले.

“आणखी थोडा वेळ वाजवू का?” ती म्हणाली.

“कुणासाठी? कोल्ह्याला वाट दाखवायला?”

“असंच. कुणी असलं तर.”

“फळी बघ. रिकामी आहे. हात बघ तुझे, रक्त आलंय.”

हात खरंच सोलले होते. तिने हातांकडे पाहिलं, मग फळीकडे, मग एलीझेकडे. तिचं तोंड उघडलं होतं. जिभेवर नाव होतं. आणि तिने दोर सोडला. घंटा दोनदा अडखळली, लाकूड कुरकुरलं आणि मग वाऱ्याच्या पोटातून एक हाक आली. ‘हो—’ अशी, लांब, एकदाच. वरून, की बाजूने, ते कळायला वाव नव्हता. दोघं तशीच उभी राहिली. एलीझे अठ्ठावीस वर्षांचा होता, त्याच्या चेहऱ्यावर भट्टीतल्या निखाऱ्यांचा उजेड होता. तो म्हणाला, “वारा. मागच्या आठवड्यातल्या हाका परत आणतोय. खडकांच्या सांदीत साठवून ठेवतो आणि छळ सुटला की शिळ्या झालेल्या आणून टाकतो. गेल्या वर्षी मी जुलैत मारलेली शीळ मला नाताळात ऐकू आली, अर्धी उंदरांनी खाल्लेली.” आणि ती हसली. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात तिने केलेल्या सगळ्या गोष्टींपैकी कुठली एक परत घ्यायची अशी कुणी सवलत दिली असती, तर तिने दोर सोडल्याचं नसतं सांगितलं. ते हसणं सांगितलं असतं.

झेदेओं मार्चमध्ये सापडला, बर्फ उतरल्यावर. गडग्याला पाठ लावून बसलेला, पण वरच्या टोकाला, भट्टीपासून तीनशे चाळीस पावलांवर. गडगा त्याला सापडला होता. त्याच्या हातांना तो आंधळ्या बर्फात सापडला होता, आपलाच गडगा. पण गाव कुठल्या टोकाला ते गडगा सांगत नाही. ते घंटेने सांगायचं. तिच्या बापाने टोपी काढली आणि म्हणाला, “हात चांगले होते पोराचे. कुठेतरी कामाला निघाला असणार.” सगळ्यांनी तेच मानलं. खेचरावरून त्याला खिंडीपलीकडे पोचवलं. एप्रिलमध्ये सिदोनी लिओंला निघून गेली. एलीझेची वाऱ्यातल्या शिळ्या हाकांची गोष्ट मात्र दरीभर पसरली. तो ती लग्नात सांगे, बाजारात सांगे, पर्यटक येऊ लागले तसा त्यांना सांगू लागला. तिच्या बापाच्या दफनाला ती गेली होती तेव्हा त्याने कबरीपासून दहा पावलांवर ती सांगितली होती, नव्या तपशिलांसह, अन् लोक डोळे पुसता पुसता हसले होते. तिला दर वेळी वाटे, जुनी गोष्ट आहे, आजोबांच्या वेळची. बिचाऱ्याला काय ठाऊक.

गुरुवारी दुरुस्तीवाला येतो म्हणाला. तिने सांगितलं, पुढच्या आठवड्यात या, मी गावी चालले आहे. ‘गावी’ हा शब्द तिच्या तोंडून कितीतरी वर्षांनी निघाला. पिशवीत तिने एक स्वेटर, गोळ्यांची डबी आणि ते फडकं घातलं. आगगाडीत ती खिडकीशी बसली आणि समोरची आडवी चाललेली झाडं पाहत मनात एकेक वाक्य जुळवत राहिली: सरपंचबाई, पाटीवरचा मजकूर चुकीचा आहे. सरपंचबाई, मला काही सांगायचं आहे. प्रत्येक वाक्य ती उचलून फिरवून बघे, आणि जागा सापडेना. न सांगताही निभावलं असतं. समारंभाचे बारा टोल द्यायचे, टाळ्या घ्यायच्या, सूप प्यायचं. आपण गेल्यावर ती हाक कुणाच्याच कानात उरणार नाही, झेदेओं कुठेतरी कामाला निघालेला एक परका माणूस म्हणून दगडात कायमचा पक्का होईल, आणि तिच्या नावावर एक घंटा जमा होईल जी कधी थांबली नव्हती. ऑर्झची दरी आली तशी तिने पुस्तकातलं ओळखीचं पान चाळावं तशी ती पाहिली. खाली नदीकाठी चेस्टनट पिवळे पडलेले. त्यावर बीच, तांबूस. त्यावर नुसता दगड आणि वाळलेलं गवत. पायऱ्यापायऱ्यांची शेतं ढासळून झुडपांत बुडाली होती. हजार माणसांनी पाठीवरून वाहून आणलेली माती परत नदीला मिळाली होती. वर पठारावर बर्फात वाट दाखवण्यासाठी उभे केलेले ग्रॅनाइटचे खांब तसेच उभे होते, कुणी विचारत नसताना.

रविवारचं ऊन असं होतं की हरवायचं म्हटलं तरी कुणाला हरवता आलं नसतं. पन्नासेक माणसं जमली होती; अकरा घरांतली चार आता वर्षभर उघडी असतात, बाकीची उन्हाळ्यात. लांब टेबलावर राईचे पाव, बकरीचं चीज, चेस्टनटच्या सुपाचं मोठं पातेलं. मनोऱ्याला नवा दोर होता, पिवळाधमक. पाटीवर निळं कापड. गडगा जसाच्या तसा होता. फळीवर कुणीतरी जिरेनियमची कुंडी ठेवली होती.

“मीच ठेवली,” सरपंचबाई ओद कोस्त कौतुकाने म्हणाली. ती चाळिशीची, हसरी, दरीत लग्न होऊन आलेली. “ती जागा फारच उघडी उघडी दिसत होती हो.”

“अशीच दिसायला हवी,” सिदोनी म्हणाली, आणि कुंडी उचलून खाली ठेवली.

एलीझे भट्टीसमोर खुर्चीत बसला होता, काठीवर हनुवटी टेकून. “आलीस? हे शहरातले बूट घालून दोर ओढणार? घंटेला वाटेल सर्कस आली.”

“तुझे गुडघे कसे आहेत?”

“कुठले गुडघे?” तो म्हणाला, आणि मग नजर चुकवली.

सरपंचबाईचं भाषण झालं. सगळे सिदोनीकडे वळले. काय बोलायचं ते जुळवलेलं सगळं तिच्या डोक्यातून निघून गेलं होतं. हात मात्र पिशवीत गेला. तिने फडकं उलगडलं, चमचा काढला आणि दगडी फळीवर ठेवला. इतकंच करायचं होतं. साठ वर्षांपूर्वीही याला एवढाच वेळ लागला असता. मग तिने दोर धरला, मुठी एकीखाली एक, गुडघे किंचित वाकवून.

बाराव्या टोलाला टाळ्या पडल्या. तेराव्याला लोक हसले. पंचविसाव्याला कुणीतरी फोटो काढायचं थांबवलं. सरपंचबाई पुढे होऊन हळूच म्हणाली, “मादाम, पुरे झालं, दमाल तुम्ही,” पण ती ऐकत नव्हती. तिचे तळवे पेटले होते आणि त्या आगीने तिला आत कुठेतरी बरं वाटत होतं. आता ‘सोड’ म्हणणारं कुणी नव्हतं, बापही नव्हता, फळीवर चमचा होता. एलीझे खुर्चीवरून उठला. काठी टेकत, एकेक पाऊल टाकत तो फळीपाशी आला, चमचा त्याने डोळ्यांजवळ नेला, खाचांवरून अंगठा फिरवला आणि परत होता तसा ठेवला. मग त्याने विचारलं, जसं विचारायचं असतं तसं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“कुणाचा?”

“झेदेओं माझेलचा,” ती दोर न थांबवता म्हणाली. “त्या गुरुवारी तो येणार होता. माझ्यासाठी. मला माहीत होतं. चमचा माझ्या खिशात होता आणि मी दोर सोडला.”

सुपाच्या पातेल्यापाशी कुणाचं तरी मूल काही विचारू लागलं, त्याला गप्प केलं गेलं. घंटा वाजत होती. एलीझे तिच्या इतक्या जवळ आला की त्याच्या कोटाचा मेंढ्यांचा वास तिला आला.

“ती वाऱ्याची गोष्ट,” तो म्हणाला. “शिळ्या हाकांची. आठवून बघ, सिदो. त्या दुपारच्या आधी तू ती माझ्या तोंडून कधी ऐकली होतीस?”

तिने आठवून पाहिलं. दोर वर गेला, खाली आला. आजोबांचा वाइनचा पेला, तासलेला गाल, उडालेल्या सावल्या, सगळं होतं. ती गोष्ट नव्हती.

“माणसाची हाक होती,” एलीझे म्हणाला. “मला कळलं होतं. पण छळात शिरायची माझी छाती झाली नाही, आणि पुन्हा दोर धरायचा तर आधी म्हणावं लागलं असतं की कुणीतरी आहे. तर तोंडातून ते वाऱ्याचं निघालं. मग मार्चमध्ये तो सापडला. त्यानंतर सांगतच राहावं लागलं. सांगायचं थांबलो असतो तर—”  त्याने काठी भट्टीला टेकवून ठेवली, दोन्ही हात वर केले आणि आपल्या मुठी तिच्या मुठींच्या वर धरल्या. दोघांनी मिळून तीन टोल दिले. मग तिने हात काढले.

“जा,” तो म्हणाला. “घेऊन ये त्याला.”

ती गडग्याला उजवा हात लावून वर निघाली. दगड उन्हाने कोमट झाले होते. कुणी मागे आलं नाही. तीनशे चाळीस पावलं तेव्हाची. आताच्या पावलांनी ती सहाशे भरली आणि दोनदा तिला बसावं लागलं, पण मागे घंटा होती, एकदा अडखळली, सावरली, मग अधिक जोरात वाजू लागली. वरच्या टोकाला गवत होतं, मेंढ्यांच्या लेंड्या होत्या, जिथे पाठ टेकली होती तिथल्या दगडांवर राखी शेवाळ होतं. ती तिथे बसली नाही. उभी राहून तिने खिंडीकडे पाहिलं, मग डोळे मिटले. मिटल्यावर खरंच दोन्ही टोकं सारखी होती; वारा सारखा, गवत सारखं, हाताखालचा दगड सारखा. एकाच बाजूला घंटा होती. ती डोळे मिटूनच वळली आणि डावा हात गडग्यावर ठेवून त्या आवाजाच्या दिशेने खाली चालू लागली.

ती भट्टीपाशी पोचली तेव्हा दोर सरपंचबाईच्या हातात होता; तिचे केस सुटले होते, ती रडत होती की घामाने निथळत होती ते सांगता येत नव्हतं, पण टोल चुकत नव्हते. एलीझे खुर्चीत मागे रेलला होता, तळवे मांडीवर उघडे ठेवून. पाटीवरचं निळं कापड कुणी काढलं नव्हतं.

“आला?” एलीझेने विचारलं.

सिदोनीने फळीवरचा चमचा उचलला. “आला.”

त्याने सरपंचबाईकडे पाहून मान हलवली. तिने दोर सोडला. घंटा दोनदा अडखळत वाजली, वरचं लाकूड कुरकुरलं, आणि मग ती शांतता आली. सगळे कान देऊन उभे राहिले. वाऱ्यावर काही नव्हतं. एलीझेचं तोंड सवयीने उघडलं, आणि त्याने ते मिटून घेतलं.